सायकलीला मोटर बसवायची आहे? आधी बॅटरीचं बोलू

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी भरून देणं हा मूळ धंदा. २०१९ मध्ये स्वतःच्या सायकलीला मोटर बसवली, ती बघून शेजारच्या आप्पांनी त्यांच्या सायकलीला बसवून मागितली, आणि तेव्हापासून वर्षाला पाच-सात सायकली तरी हातून जातात. बसवून दिलेली सायकल बिघडली की माझ्याच दारात येते. त्यामुळं निवड कुठं चुकली ते लपून राहत नाही.

येणारा माणूस पायरीवरूनच विचारतो, "कितला पैसा लागतीन, भाऊ?" आणि त्यामागोमाग, मोटर किती वॅटची घेऊ. मी त्याला बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि वही काढतो. रोज किती किलोमीटर? कुठून कुठं? कॅरिअरवर काय असतं? रस्ता डांबरी की गाडवाट? आणि दुपारी सायकल उभी कुठं असते? शेवटचा प्रश्न ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. पण आपल्याकडं निम्मं काम त्याच उत्तरावर ठरतं. हे मला पहिली बॅटरी गमावल्यावर कळलं.

ती ३६ व्होल्टची, दहा एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर दहा तास देईल इतकी) बॅटरी होती. आत एनएमसी प्रकारचे लिथियम सेल. दिवाळीच्या सुमारास बसवली आणि थंडीभर एका चार्जवर आरामात तीस किलोमीटर जायची. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात, काळ्या रेक्झिनच्या पिशवीत. उन्हाळा लागला तसा मी दुपारी मळ्यात जाऊन सायकल पत्र्याच्या शेडला टेकवायचो आणि घरी आल्याबरोबर चार्जर लावायचो. एक दिवस पिशवीत हात घातला तर हात ठेववेना. गरम वाइंडिंग तपासायला दुकानात थर्मामीटर असतो, तो लावला. ५८ अंश. बाहेर ४४. आणि अशी तापलेली बॅटरी मी महिनाभर रोज चार्ज करत होतो. मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिसाचे सतरा किलोमीटर झाले, आणि गेलेले तेरा पुन्हा आले नाहीत.

लिथियम सेलच्या माहितीपत्रकात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं: चार्ज करताना सेलचं तापमान ४५ अंशांच्या वर नको, वापरताना ६० च्या वर नको. हे वाचून पुण्याचा माणूस पान उलटेल. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतली हवाच ४४-४५ ला टेकते, काही वर्षी त्याच्याही वर जाते. म्हणजे दुपारी चार्जर लावणं हेच मुळात चूक. मी आता प्रत्येकाला सांगतो की उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. शेतकऱ्याला पाचला उठायचंच असतं. उठल्यावर चार्जर लावायचा, नऊ-दहाच्या आत काढायचा. तीन अँपिअरचा चार्जर असेल तर बारा एएचची रिकामी बॅटरी चार-साडेचार तासांत भरते आणि तुम्ही जागे असता. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका, खाटेखाली तर अजिबात नको. मोकळ्या फरशीवर, कपडे-गवतापासून लांब, आणि दाराच्या वाटेत नको.

दिवसा सायकल कुठं उभी करायची तेही ठरवून ठेवा. पत्र्याची शेड सावली देते पण भट्टीसारखी तापते. केळीच्या बागेला वारा अडवायला शेवरी लावलेली असते, तिच्या पूर्वेच्या अंगाला दुपारनंतर चांगली सावली पडते, खालून पाण्याचा ओलावाही असतो. मी तिथंच लावतो. बॅटरीची पिशवी काळी असेल तर वरून पांढरं सुती कापड शिवून घ्या. साधी गोष्ट आहे, पण माझ्या थर्मामीटरवर सहा-सात अंशांचा फरक दिसला.

किती ताकद लागते

आता वॅटचं बोलू. समजा तुम्ही, सायकल, मोटर, बॅटरी आणि डबा मिळून १०० किलो आहात. सपाट डांबरी रस्ता, वारा नाही. ताशी २० किलोमीटरनं जायला चाकावर साधारण ११५ वॅट लागतात. २५ नं जायला १८५ च्या आसपास. ३० नं जायचं म्हटलं तर २८०. शेवटच्या पाच किलोमीटरसाठी जवळपास शंभर वॅट जास्त द्यावे लागतात, कारण वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. हौसेखातर मोठी मोटर मागणाऱ्या पोरांना मी हेच आकडे कागदावर मांडून दाखवतो.

आपल्याकडं वारा मात्र असतो. तापीचं खोरं पश्चिमेला समुद्राकडं उघडं आहे, आणि वैशाख-जेठात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तो थांबायचं नाव घेत नाही. समोरून ताशी १५ चा वारा असेल तर त्याच ताशी २० च्या वेगाला ११५ ऐवजी २३५ वॅट लागतात. दुप्पट! म्हणून वहीत मी दिशा लिहून घेतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं संध्याकाळी पश्चिमेकडं घरी येणारा माणूस आणि पूर्वेकडं घरी जाणारा माणूस, दोघांचं अंतर सारखं असलं तरी बॅटरी सारखी नसते.

चढाचंही तसंच. आपला भाग सपाट वाटतो, पण तापीकडून सातपुड्याकडं जाल तशी जमीन हळूहळू उचलत जाते. शंभर मीटरला तीन मीटर चढ डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पायाला कळतो. तेवढ्या चढावर ताशी १५ नं जायला सुमारे २०० वॅट लागतात.

या सगळ्यात तुम्ही नुसते पायडल फिरवत राहिलात तरी ५० ते ७५ वॅट तुमच्या पायांतून येतात. म्हणजे २५० वॅटची मोटर आपल्या रोजच्या कामाला पुरते. कायदाही तिथंच रेघ मारतो: २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर अशी सायकल मोटार वाहनात धरली जात नाही, लायसन्स-पासिंग लागत नाही. बाजारात ३५०, ५०० वॅटचे किट सर्रास मिळतात. ते बसवलं की कायद्याच्या नजरेत तुमच्याकडं बिनानंबरची गाडी होते, आणि खाली ब्रेक मात्र सायकलचेच राहतात. मी बसवून देत नाही. किट घेताना पाटीवर काय लिहिलंय ते बघा, आणि कंट्रोलरमध्ये (बॅटरीतून मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) ताशी २५ ची मर्यादा घालून घ्या.

बॅटरी किती मोठी

वॅट म्हणजे ताकद, वॅट-अवर म्हणजे शिदोरी. बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले एएच केले की वॅट-अवर येतात. बॅटऱ्यांची तुलना फक्त याच आकड्यावर करा. "२० एएच" म्हणून २४ व्होल्टची बॅटरी मिरवणारे पुष्कळ आहेत आणि ३६ व्होल्टची १४ एएचवाली तिच्यापेक्षा मोठी असते.

माझ्या वहीतल्या नोंदींवरून थोडं पायडल मारणाऱ्या माणसाला किलोमीटरला आठ ते दहा वॅट-अवर लागतात, खड्डे-वारा धरून नुसत्या एक्सलेटरवर बसणाऱ्याला बारा ते पंधरा. हिशेबाला मी बारा धरतो.

एक उदाहरण. एक गुरुजी, घर चोपड्यात, शाळा पूर्वेला चौदा किलोमीटरवर. जाऊन-येऊन २८. बाराने गुणलं की ३३६ वॅट-अवर. बॅटरी कधी पूर्ण रिकामी करू नये, वीस टक्के शिल्लक ठेवायची, म्हणून ४२०. दोन-तीन वर्षांनी बॅटरी म्हातारी होऊन वीस टक्के कमी धरेल, तेव्हाही घरी पोचलं पाहिजे, म्हणून ५२५. त्यांना दुकानदारानं सांगितलेली बॅटरी होती ३६ व्होल्ट, साडेसात एएच: २७० वॅट-अवर. नवी असताना सकाळची शाळा झाली असती. परतीच्या वाऱ्यात ते वाटेतच पायडल मारत बसले असते, तेही सात किलो जास्तीचं वजन ओढत. आम्ही बारा सेलच्या ओळीतली, १८ एएचची फॉस्फेट बॅटरी (हा लिथियमचाच एक प्रकार, पुढं सांगतो) बनवून घेतली, सुमारे ६९० वॅट-अवर. खर्च वाढला. त्यांनी तो मोटरीतून वाचवला, चाकाच्या मधोमध बसणाऱ्या २५० वॅटच्या साध्या हब मोटरीवर थांबले.

मोठ्या बॅटरीचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. ३६ व्होल्टचा २५० वॅटवाला कंट्रोलर सुरुवातीला, चढावर, १५ अँपिअरपर्यंत ओढतो. साडेसात एएचच्या बॅटरीला ते तिच्या कुवतीच्या दुप्पट होतात, ती आतून तापते. १८ एएचच्या बॅटरीला तेच १५ अँपिअर हातचा मळ. बाहेरून ऊन तापवतंय तिथं आतून तापणं जितकं कमी तितकं बरं.

फॉस्फेट, एनएमसी की शिसं

शिशाच्या बंद बॅटऱ्या अजून मिळतात, दोन बाराच्या जोडून २४ व्होल्ट. स्वस्त, कुणालाही कळणाऱ्या, जुन्या मोडीत देता येणाऱ्या. पण १२ व्होल्ट १२ एएचची एक बॅटरी चार किलोच्या घरात जाते, आणि रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर वर्षभरात बसते. ज्याला दिवसाला चार-पाच किलोमीटरच जायचंय आणि हातात पैसे नाहीत, त्यालाच मी हो म्हणतो.

एनएमसी हलकी आणि लहान. एका सेलचे ३.६ व्होल्ट, दहा सेलच्या ओळीला ३६, पूर्ण भरल्यावर ४२. शहरात सावलीत लावणाऱ्याला, उचलून तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्याला ती बरी.

लिथियम फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, जड आणि आकारानं मोठी, सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणून ३६ च्या मोटरीला बारा सेलची ओळ लागते, ३८.४ व्होल्ट होतात आणि पूर्ण भरल्यावर ४३.८. पण ती उष्णता जास्त सोसते, सहजासहजी पेट घेत नाही, आणि चार्जच्या फेऱ्याही एनएमसीपेक्षा बऱ्याच जास्त देते. खान्देशात सायकल शेतात किंवा उघड्यावर उभी राहणार असेल तर मी दुसरा विचार करत नाही. चार्जिंगची ४५ अंशांची मर्यादा मात्र तिलाही आहेच.

फॉस्फेटची एक खोड सांगून ठेवतो. तिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सारखे राहतात आणि मग एकदम कोसळतात. हँडलवरच्या चारपैकी तीन दिवे लागलेलेच राहतात आणि अचानक सायकल बंद. त्यामुळं दिव्यांवर भरवसा न ठेवता किलोमीटर मोजा.

आणि चार्जर. ४२ चा आणि ४३.८ चा चार्जर दिसायला सारखाच, पिनही कित्येकदा सारखीच. एनएमसीला चुकून ४३.८ चा लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ च्या वर व्होल्ट चढतात, आणि मग बीएमएसनं (बॅटरीतलं, सेलची राखण करणारं सर्किट) वेळेवर तोडलं तरच वाचलात. मी चार्जरवर आणि बॅटरीवर एकाच रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा मारतो, हिरव्याला हिरवा. घरात दोन सायकली असतील तर एवढं कराच.

पैसे देण्याआधी बल्बची परीक्षा

स्टिकरवरच्या एएचवर विश्वास ठेवू नका. एक जिभाऊ त्यांची नवीकोरी बॅटरी घेऊन आले, विकणाऱ्यानं दहा एएच म्हणून दिलेली, आणि बारा किलोमीटरलाच धाप टाकायची. मी मोटरसायकलच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे तीन बल्ब घेतले, एकामागे एक जोडले, म्हणजे तिघांचे मिळून ३६ व्होल्ट होतात, आणि शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवले, कारण ते खूप तापतात. बॅटरी पूर्ण भरून जोडली, वायरला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा) अडकवला. साडेचार अँपिअरच्या जरा वर काटा. जिभाऊ घड्याळाकडं बघत समोर बसले. दर पंधरा मिनिटांनी मी व्होल्ट आणि अँपिअर वहीत लिहीत होतो. दहा एएचची असती तर दोन तास दहा मिनिटं जळायला हवे होते. एक तास पंचवीस मिनिटांनी तिन्ही बल्ब एकदम विझले, बीएमएसनं तोडलं. साडेसहा एएच. वहीचं पान फाडून त्यांना दिलं. ते दाखवल्यावर बॅटरी बदलून मिळाली.

ही परीक्षा कुणालाही करता येते. बॅटरी स्थानिक माणसाकडून बनवून घेत असाल तर आधीच सांगा की बल्बवर मोजून घेणार. त्यासोबत विचारा: सेल नवे की जुन्या लॅपटॉप-गाड्यांमधून काढलेले? बीएमएस किती अँपिअरची? कंट्रोलर १५ ओढत असेल तर बीएमएस सलग २० ची हवी. सेल निकेलच्या पट्टीनं वेल्डिंग केलेत की सोल्डरचा डाग दिलाय? डाग देताना सेल तापतो, मी तसली बॅटरी घेत नाही. बॅटरीच्या अगदी तोंडाशी २० किंवा २५ अँपिअरचा फ्यूज आणि तिथून कंट्रोलरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर.

आता मोटर

तीन प्रकार आपल्या कामाचे. पहिली, गिअरवाली हब मोटर: चाकाच्या मधोमध बसते, आत छोटी मोटर जोरात फिरते आणि नायलॉनच्या दातांमधून चाक हळू पण ताकदीनं फिरवते. वजन दोन-अडीच किलो, बंद असताना चाक मोकळं फिरतं, बॅटरी संपली तरी सायकल सायकलच राहते. दहापैकी सात जणांना मी हीच सांगतो. दुसरी, बिनगिअरची हब मोटर: आत दातांचं चक्र नाही, आवाज नाही, पण जड, आणि बंद असताना चुंबक चाकाला धरून ठेवतात. सपाट लांब रस्त्याला ठीक. तिसरी, बाजूला बसणारी ब्रशवाली पीएमडीसी (कायमच्या चुंबकाची डीसी) मोटर, २४ व्होल्टची, वेगळ्या चेननं मागच्या चाकाला ओढते. आवाज करते, चेनीत चिखल बसतो, वीज जरा जास्त खाते. पण कार्बन ब्रश कुठंही मिळतात, कुठलाही वाइंडर ती उघडू शकतो, आणि दातांचं चक्र बदलून वेग-ताकद कमी-जास्त करता येते. खेड्यात राहणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या माणसाला ती वाईट नाही. पायडलच्या जागी बसणारी मिड मोटर गिअरच्या सायकलीवर उत्तम; आपल्या बिनगिअरच्या सायकलीवर तिचा फायदाच निघून जातो.

वॅटइतकंच महत्त्वाचं असतं ते मोटर मिनिटाला किती फेऱ्यांची आहे. ताशी २५ नं जायला २६ इंची चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं, आपलं जुनं २८ इंची १९०. छोट्या २० इंची चाकाला २७० लागतात. एका दूधवाल्या आप्पांनी स्वस्तात मिळाली म्हणून २० इंची चाकासाठी बनवलेली मोटर आणली आणि दुसरीकडून २८ च्या रिममध्ये तारा ओवून घेतल्या. मागं दोन कॅन, वीस थांबे, गाडवाट. पाचव्या आठवड्यात मोटर माझ्या टेबलावर. झाकणाचे स्क्रू सोडले आणि तो वास आला, जळक्या वार्निशचा, जो आयुष्यभर ओळखीचा आहे. गिअरचे दात शाबूत होते. आतल्या तारा मात्र मधाच्या रंगाच्या असायच्या त्या पार काळ्या, एका खाचेत तर एकमेकींना चिकटलेल्या.

कारण सरळ आहे. मोटर तिच्या मोकळ्या वेगाच्या (ओझं नसताना ती जितकी फिरते त्याच्या) निम्म्यावर दाबून चालवली की बॅटरीतून आलेल्या विजेपैकी निम्म्याहून कमीच चाकाला मिळते, बाकीची तारांमध्ये उष्णता होते. तार तापली की तिचा विरोध वाढतो. ३० अंशांवरून ११० वर गेली तर जवळपास तीस टक्के. म्हणजे आणखी उष्णता. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या पुढं कायमचे अशक्त होतात, ते भरूनही येत नाहीत. आप्पांना मी कमी फेऱ्यांची मोटर दिली. ताशी अठराच्या वर जात नाही. कॅनसह चढते आणि हाताला कोमट लागते. चालवून आल्यावर हबला हात लावायची सवय ठेवा. पाच मोजेपर्यंत हात ठेवता आला पाहिजे.

बसवताना

आपल्या जुन्या २८ इंची सायकलीत पुढं ३२ तारा आणि मागं ४०. किटच्या हबला मात्र बहुधा ३६ भोकं असतात. म्हणजे जुनी रिम चालत नाही, ३६ भोकांची नवी घ्यावी लागते आणि ती बदलली की सळईचे ब्रेक बसतीलच असं नाही. हा खर्च आधी धरा. पावसात लोखंडी रिमवर सळईचा ब्रेक तसाही घसरतो. ओझ्यासह ताशी २५ नं जायचं तर निदान एक ब्रेक चांगला केबलचा किंवा डिस्कचा असू द्या, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या मुठी किटसोबत मिळतात त्या काढून टाकू नका.

पुढच्या चाकात मोटर बसवणं सोपं, पण चाक धरणारा चिमटा लोखंडी हवा. अॅल्युमिनियमच्या, शॉकअपच्या चिमट्याची खाच फुटते. कॅरिअरवर ओझं असेल किंवा रस्ता काळ्या मातीचा असेल तर मोटर मागं, कारण पुढचं चाक चिखलात नुसतंच फिरतं.

आता अशी गोष्ट जी न केल्यानं मी स्वतः पडलो. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तेवढ्याच जोरानं आपला अॅक्सल उलटा फिरवायला बघते. अॅक्सलला दोन बाजूंनी सपाट केलेलं असतं, ते खाचेत अडकतं, आणि सगळा भार त्या खाचेच्या पातळ पत्र्यावर येतो. मी नुसते नट आवळले होते. एका गतिरोधकावर चढताना एक्सलेटर दिला, खाच फाकली, अॅक्सल फिरला, त्यानं आपल्याच वायरी गुंडाळून तोडल्या आणि पुढचं चाक निखळलं. कोपर अजून पावसाळ्यात दुखतं. तेव्हापासून मी गेट बनवणाऱ्याकडून सहा मिलिमीटर लोखंडी पट्टीची पकड कापून घेतो, मधली खाच कानशीनं घासून अॅक्सलच्या सपाट बाजूला घट्ट बसेल अशी, हलली तर ती वाया गेली समजतो, आणि दुसरं टोक चिमट्याला किंवा मागच्या नळीला क्लॅम्पनं बांधतो. दोन्ही बाजूंना. पकडीशिवाय सायकल दुकानाबाहेर जात नाही.

वायर अॅक्सलमधून निघते तिथं आधी खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्यातून खाली गळतं, मोटरीत शिरत नाही. मोटरीच्या तीन जाड वायरी आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारा) पाच बारीक वायरी; कनेक्टर मडगार्डच्या आत, तोंड खाली करून. चिखल झाला तर गाड्या धुणाऱ्याच्या पिचकारीनं हबवर मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. काळ्या मातीत मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर जागा ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात चाक जाम होतं आणि मोटर त्याच्याशी झुंजत बसते.

शेतीची लाईट रात्रीची असली की पंप चालू करायला अंधारात जावं लागतं, म्हणून त्याच बॅटरीवर व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर लावून समोर एक एलईडी आणि मागं लाल दिवा. दहा वॅट फार नाहीत.

बसवून झाल्यावर पहिले दोन दिवस गावातच चालवा. रोज घरी आल्यावर अॅक्सलचे नट पान्ह्यानं बघा. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ते हमखास अर्धा फेरा ढिले होतात. शंभर किलोमीटरला नव्या रिमच्या तारा बोटानं वाजवून बघा, ज्या बदबद वाजतात त्या आवळून घ्या. मग वहीत पहिली नोंद करा: तारीख, किलोमीटर, चार्जर लावल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंतचे तास. पुढच्या उन्हाळ्यानंतर त्याच अंतराला तोच वेळ लागतो का ते बघायला येईल.